शब्दचर्चा : ‘देवकण’ म्हणजे देवाचा कण, की कणातला देव?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, माध्यमिक शाळा, सोलापूर

नमस्कार. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या नववीतल्या एका विद्यार्थ्याने तक्ता केला आहे. त्याच्या मथळ्यावर ठळक तांबड्या अक्षरांत ‘देवकण सापडला!’ असे लिहिले आहे आणि खाली एकच वाक्य आहे : ‘या कणामुळे विश्वाला वस्तुमान मिळते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला देव मानतात.’ तक्ता तपासण्यासाठी मी घरी आणला, तेव्हा सासूबाईंनी चष्मा न लावताच मथळा ‘देवगण’ असा वाचला आणि पत्रिका कोणाची आली आहे, असे विचारले. आम्ही सगळे हसलो खरे, पण नंतर मला वाटले की त्यांची चूक नुसती डोळ्यांची नव्हती. नवा शब्द समोर आला की मराठी माणूस तो आपल्या घरातल्या शब्दांशेजारी ठेवून पाहतो, आणि ‘देवकण’ या शब्दाला शेजार मिळाला तो देवगण, देवघर आणि देवमाणूस यांचा.

या समासाचा विग्रह कसा करावा? तो देवाचा कण आहे, देवासारखा कण आहे, की देव हाच कण आहे? मुलाचा हिरमोड न करता त्या जागी दुसरा कोणता शब्द सुचवता येईल?

प्रतिसाद : निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, होटगी रस्ता

बाई, विग्रह करण्याआधी हा शब्द आला कोठून ते पाहू, कारण मूळ नावातही देवाचा संबंध जवळजवळ अपघातानेच आला आहे.

1964 साली पीटर हिग्ज यांनी, तसेच रॉबर्ट ब्राउट आणि फ्रांस्वा आंग्लेअर यांनी स्वतंत्रपणे असा विचार मांडला की, सर्व अवकाश व्यापून राहिलेले एक क्षेत्र असावे आणि त्याच्याशी होणाऱ्या आंतरक्रियेतून काही मूलकणांना वस्तुमान मिळत असावे. असे क्षेत्र असेल तर त्यात उठणाऱ्या तरंगाचा एक कणही दिसला पाहिजे. तो हिग्ज बोसॉन. त्याचा माग काढण्यात दशके गेली. अमेरिकेतल्या फर्मी प्रयोगशाळेचे माजी संचालक आणि नोबेल विजेते लिऑन लेडरमन यांनी 1993 साली सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच या कणाला देवाचे नाव दिले. त्याचे कारण त्यांनी गमतीने सांगितले आहे : कण इतका हुलकावण्या देणारा होता की त्याच्या नावापुढे त्यांना एक शिवी जोडायची होती, परंतु प्रकाशकाने ती चालू दिली नाही. आपल्याकडच्या बोलीत सांगायचे तर त्यांना म्हणायचे होते ‘मेला कण’, म्हणजे ‘हा मेला काही केल्या सापडत नाही’ या अर्थाने. छापताना ‘मेला’ गेला आणि देव उरला. मराठीत भाषांतर करणाऱ्याला ती गाळलेली शिवी ठाऊक नव्हती, म्हणून त्याने उरलेल्या देवाचेच भाषांतर केले.

खुद्द हिग्ज नास्तिक होते आणि हे नाव त्यांना आवडत नसे. मात्र त्यांची हरकत अशी होती की, त्यामुळे श्रद्धावान माणसे उगाच दुखावली जातील. मला हे विशेष वाटते.

आता तक्त्यावरील खालचे वाक्य. 4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ॲटलस आणि सीएमएस या दोन स्वतंत्र गटांनी नवा कण मिळाल्याचे जाहीर केले. त्याचे वस्तुमान सुमारे 125 गिगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण 133 पट. पुढच्याच वर्षी, 2013 साली, हिग्ज आणि आंग्लेअर यांना नोबेल मिळाले. ब्राउट 2011 मध्ये निवर्तले होते. परंतु ‘विश्वाला वस्तुमान मिळते’ हे विधान फार सैल आहे. इलेक्ट्रॉन, क्वार्क, तसेच डब्ल्यू आणि झेड हे कण यांचे वस्तुमान हिग्ज क्षेत्रामुळे आहे, हे खरे. पण तुमचे-माझे वजन ज्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे आहे, त्यांच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग आतल्या क्वार्कांच्या हालचालीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतो. बाजार समितीत मालदांडी ज्वारीचे शंभर किलोचे पोते काट्यावर चढवले, तर त्यातला जेमतेम एक किलो हिग्ज क्षेत्राच्या खात्यावर मांडावा लागेल. नव्याण्णव किलोंचे श्रेय ज्याला नाही, त्याला देव म्हणणे मला तरी हिशेबात बसत नाही.

‘सापडला’ हे क्रियापदही जपून वापरावे. हरवलेली किल्ली सापडते, म्हणजे ती हातात येते. हा कण मात्र जन्मल्याबरोबर विघटित होतो. सेकंदाचे एकावर बावीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातले एक-दोन भाग, एवढेच त्याचे आयुष्य सिद्धांत सांगतो. सत्तावीस किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनांच्या टकरी घडवून, मागे उरलेल्या प्रकाशकणांच्या जोड्या किंवा चार-चार लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जातीचे मूलकण, मोजून त्याची उपस्थिती ठरवावी लागली. केवळ योगायोगाने असे आकडे दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक इतकी उरली, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनी तोंड उघडले. म्हणून ‘सापडला’ यापेक्षा ‘शोध लागला’ हे बरे. ‘शोध घेणे’ आणि ‘शोध लागणे’ या दोन क्रियांमध्ये येथे 48 वर्षांचे अंतर आहे, आणि मराठीने एकाच नामावर दोन्ही क्रिया तोलल्या आहेत.

प्रतिसाद : कापड व्यापारी, साखर पेठ

माझे घर तेलुगू, शेजार कन्नड आणि शाळा मराठी, म्हणून या चर्चेत थोडी भर घालतो. तेलुगू बातम्यांत या कणाला ‘दैव कणं’ म्हटले गेले. पण शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘कणं’ म्हणजे पेशी. त्यामुळे माझ्या आईने ती बातमी ‘देवाची पेशी’ अशी समजून घेतली होती. कन्नडमध्ये ‘कण’ म्हणजे बारीक अंश, आणि मळणीचे खळेही. आमच्या कन्नड शेजाऱ्यांना ‘देवकण’ म्हटले की देवाच्या नावाने राखलेले खळे डोळ्यांसमोर येते, असे ते म्हणाले. एकाच शहरात एक शब्द तीन घरांत तीन वस्तू दाखवतो, तर तक्ता वाचणाऱ्या पालकांचे काय होईल?

उर्दूतला ‘जर्रा’ म्हणजे कण, आणि मराठीतला ‘जरा’ त्याच घराण्यातला. ‘जरा थांबा’ म्हणताना आपण मूळ अर्थाने कणभर थांबायलाच सांगत असतो. हे विषयाला थोडे सोडून झाले, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही.

प्रश्नकर्ती

सर, ज्वारीच्या पोत्याचा हिशेब मी उद्या वर्गात सांगणार आहे. क्षेत्राची कल्पना समजावताना मी मुलांना गड्ड्याच्या यात्रेचे उदाहरण देते. गर्दी तीच असते. पण मानाचा नंदीध्वज निघाला की लोक त्याच्याभोवती दाटतात आणि तो हळूहळू सरकतो, तर चिरमुऱ्यांची पुडी घेतलेले पोर त्याच गर्दीतून सुळकन निघून जाते. म्हणजे नंदीध्वज जड कण, आणि पोर हलका. हे चालेल का?

‘शास्त्रज्ञ त्याला देव मानतात’ यातल्या ‘मानतात’ बद्दलही कोणी लिहावे. गणितात आम्ही ‘क्ष ही संख्या माना’ असे सांगतो. तेथे श्रद्धेचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद : निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक

उदाहरण सुंदर आहे आणि मुलांच्या लक्षातही राहील, फक्त त्यातली एक खोट त्यांना सांगून ठेवा. गर्दी चालणाऱ्याला अडवते. ते घर्षण झाले. हिग्ज क्षेत्र समान वेगाने जाणाऱ्या कणाला मुळीच अडवत नाही. वस्तुमान जाणवते ते वेग बदलताना, म्हणजे थांबलेला नंदीध्वज उचलून पहिले पाऊल टाकताना, किंवा वळणावर तो वळवताना. पेलणाऱ्यांना हा फरक खांद्याने कळतो.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, जुळे सोलापूर

विग्रहाचे मूळ प्रश्न बाजूलाच राहिले, म्हणून लिहितो.

मराठीत ‘देव’ हे पूर्वपद प्रत्येक ठिकाणी वेगळे काम करते. देवघर हे देवाचे घर. देवमाणूस हा देवासारखा माणूस. देवकापसाच्या वाती देवापुढे लागतात. देवमाशात मात्र पूजेचा काही संबंध नाही. तेथे ‘देव’ शब्द नुसते प्रचंडपण सांगतो. आणि ‘देवी’ हे तर एका रोगाचेच नाव होते. ‘देवीची लस टोचली’ असे बोलणारी माणसे आरोग्य खात्याचे काम करत होती, आणि तो रोग 1980 साली जगातून संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा देवी संपली म्हणून कोणाची श्रद्धा ढळली नाही. तेव्हा विज्ञानाच्या शब्दात ‘देव’ आला की बिघडलेच, असे मी म्हणणार नाही.

माझी हरकत ‘कण’ या पदाकडून येते. कणीस, कणी, कण्या, कणिक हे सारे कणाचेच गोत. वैशेषिक दर्शनाच्या कर्त्याला परंपरा कणाद म्हणते, म्हणजे कण खाणारा. आपल्या तोंडी जो शब्दप्रयोग आहे, तो ‘कणाकणात देव’ असा आहे. ही द्विरुक्ती महत्त्वाची आहे. ‘घराघरांत’ म्हटले की एकही घर सुटत नाही. तसे ‘कणाकणात’ म्हटले की एकही कण सुटत नाही. ‘देवकण’ हा शब्द मात्र एका कणाला वेगळा काढून त्याच्यावर देवाचा शिक्का मारतो आणि उरलेल्या इलेक्ट्रॉन-क्वार्कांना देवाविना ठेवतो. म्हणजे शास्त्रज्ञाला हा शब्द जितका अडचणीचा, तितकाच तो वारकऱ्यालाही. माझ्या मते तक्त्यावरून तो काढण्याचे खरे कारण हे आहे.

तुकोबांचे ‘अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा’ अनेकजण ‘अणुरेणिया’ असे म्हणतात आणि त्यात आजच्या पाठ्यपुस्तकातले अणू आणि रेणू पाहतात. त्यामागे उपनिषदातले ‘अणोरणीयान्’ आहे, अणूहूनही लहान या अर्थाचे. तेथे अणू हे लहानपणाचे माप आहे, रसायनशास्त्रातली वस्तू नव्हे. तुकोबांना अणुविज्ञान ठाऊक होते असे सांगणारे मला भेटतात, तेव्हा मी एवढेच विचारतो, की त्याच ओळीतल्या आकाशाचे मग काय करायचे? त्यात हिंदीची आणखी भर पडते. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, त्यामुळे हिंदी चित्रफिती पाहून आलेली मुले वर्गात घोटाळा करतात.

‘क्षेत्र’ हा शब्द मात्र मला अतिशय नेमका वाटतो. पंढरपूर हे क्षेत्र, गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीर हे क्षेत्र, आणि आपले ‘शेत’ हेही ‘क्षेत्र’ झिजून झालेले. शेत पेरलेले नसले तरी जागेवर असते. सरांनी सांगितलेले क्षेत्र कण दिसो वा न दिसो, सर्वत्र असतेच. तरीही हेच आमचे सर्वव्यापी ब्रह्म, अशी उडी मी मारणार नाही. दोन्हींना एक शब्द लागू पडतो तो भाषेच्या काटकसरीमुळे. सर्नच्या आवारात 2004 पासून भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. तिच्यामुळे तेथल्या मोजमापात काही बदल झाला नाही, आणि मोजमापामुळे मूर्तीचे काही उणे झाले नाही.

‘मानणे’ बद्दल : ‘देव मानणे’ यात स्वीकार आहे, ‘क्ष माना’ यात तात्पुरती सोय आहे. 1964 ते 2012 या काळात हिग्ज बोसॉन दुसऱ्या अर्थाने मानलेला होता. ‘शास्त्रज्ञांचा विश्वास आहे की’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांत येतात, तेथे ‘अंदाज आहे’ किंवा ‘खात्री पटली आहे’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. विश्वास माणसावर ठेवतात, श्रद्धा देवावर, आणि पस्तीस लाखांत एक या आकड्याला खात्री हा शब्द पुरतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आज मधल्या सुट्टीत मुलाला बोलावून हे सारे सांगितले. शिवीचा किस्सा मी ‘मेला’ पर्यंतच सांगितला, तरी तो त्याला फारच आवडला. ‘मग देव कुठे लिहायचा?’ असे त्याने विचारले. मी म्हटले, तुला लिहायचाच असेल तर नटराजाचे चित्र काढ आणि खाली साल लिही. ते त्याने मान्य केले.

नवे वाक्य त्यानेच जुळवले आहे : ‘सगळीकडे पसरलेल्या एका क्षेत्रामुळे काही मूलकणांना वस्तुमान मिळते, त्या क्षेत्राच्या कणाचा शोध 2012 साली लागला.’ मी त्यात काहीही बदलले नाही. शेजारी तो ज्वारीने भरलेली एक बाटली ठेवणार आहे आणि तिच्यातले शंभरातले एक माप कुंकवाने रंगवणार आहे.

मथळा ‘हिग्ज बोसॉन’ असा ठरला आहे. त्याने ‘हिग्स बोझॉन’ लिहिले होते. ‘बोसॉन’ हे नाव डिरॅक यांनी सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून दिले, म्हणून तेथे ‘स’ हवा, आणि ‘हिग्ज’ मध्ये ‘ज’, असे मी सांगितले. म्हणजे दोनच अक्षरे बदलायची होती. पण तांबडा रंग संपल्यामुळे दोन्ही अक्षरे निळी झाली आहेत, आणि सासूबाईंना आता ती चष्म्याशिवायही दिसतात.