डान्सर रोलचं रीडिंग मधेच उडतं

प्रश्न (सोलापूर): सायझिंग मशीनवर (सुताला खळ लावणारं यंत्र) डान्सर रोलची (सुताचा ताण सांभाळत हलणारा रोल) जागा मोजायला १०० मिमीचा लिनिअर पोटेन्शिओमीटर (रॉड सरकला की रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर), सप्लाय १० व्होल्ट. ४ ते ५ व्होल्टच्या मधेच रीडिंग उडतं. काय बघू?

उत्तर १: आतला ट्रॅक (रेझिस्टन्सची पट्टी) तिथेच झिजलाय. रोल दिवसभर त्याच जागी थरथरतो, वायपर (ट्रॅकवर सरकणारा संपर्क) तेवढाच पट्टा घासतो. सप्लाय काढा, मल्टिमीटर वायपर आणि एका टोकाला लावून रॉड हळू सरकवा. ओहम सलग बदलायला हवेत. मधेच आकडा उडाला तर पोटेन्शिओमीटर बदलाच.

उत्तर २: नव्या पोटेन्शिओमीटरला बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा सांधा) द्या, आडवा दाब नको. पीएलसीचं (मशीन चालवणारा कंट्रोलर) इनपुट व्होल्टेजवरच ठेवा; करंट इनपुटचा रेझिस्टन्स कमी, वायपरमधून करंट ओढला जाऊन रीडिंग वाकडं येतं.

उत्तर ३: सुताची धूळ असेल तिथे एलव्हीडीटीच (कॉइलमध्ये सरकणाऱ्या कोअरवरून जागा मोजणारा सेन्सर) बरा. प्रायमरी कॉइलला एसी, दोन सेकंडरी कॉइल उलट जोडलेल्या. कोअर मध्यावर असला की आउटपुट जवळपास शून्य, दिशा फेजवरून कळते. घासणारा वायपरच नाही.