मदत हवी आहे: नवीन कॅमेरा बॉडी घेऊ का नुसती लेन्स?

भावांनो जरा सल्ला द्या, माझ्याकडं कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स हाय, रंकाळ्यावर सकाळचे फोटो झकास येतात पण तालमीतल्या कमी उजेडात शिरलं की बोंब, ५५ ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं) ५.६ च्या वर उघडतच नाही, त्यात उजेडासाठी शटर १/६० सेकंदाला आणलं आणि पैलवानानं ढाक (कुस्तीचा डाव) मारली की हात धूसर होऊन गायबच! मित्र म्हणतोय मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घे, कॅननचा आर५०. मला वाटतंय आधी ५० एमएम १.८ घ्यावी, तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त मिळतोय आणि उद्या बॉडी बदलली तरी अ‍ॅडॅप्टर लावून चालतीय. पण क्रॉपमुळं (माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळं फ्रेम अरुंद) ती ८० एमएम सारखी पडणार, मग भिंतीला टेकून उभं राहिलं तर दोघं पैलवान फ्रेममध्ये मावतील का? हौसेचा मामला हाय, घरी हिशोब द्यायला लागतोय. तालमीत कुणी शूट केलंय का?