पानशेतच्या पुरानंतर सोडलेले पुणे आईला आता कसे दाखवावे?

इंदूरकर_मुलगी

नमस्कार. माझ्या आईचे माहेर पुण्याच्या शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ त्याच्या खालच्या खडकवासला धरणाची भिंतही गेली आणि मुठा नदीचे पाणी पेठांत शिरले, त्यात ते राहत होते तो मातीच्या भिंतींचा वाडा बसला. घरची माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर माजघरात गुडघ्याच्या वर गाळ होता आणि तो घमेल्यांनी उपसताना आजीला देवघरातले ताम्हन सापडले, पण देव सापडले नाहीत, हे आई आजही सांगते. त्यानंतर आजोबांनी बिऱ्हाड इंदूरला हलवले. पुढे लग्नकार्याच्या निमित्ताने आई पुण्याला आली, तरी नदीकडच्या पेठांकडे तिने कधी पाऊल वळवले नाही.

आता ऐंशी ओलांडल्यावर ती स्वतःहून म्हणते आहे की, आमचा वाडा होता तिथे मला एकदा उभे राहायचे आहे. तिथे तिला ओळखीचे असे काय उरले असेल? काहीच उरले नसेल, तर तिला नेऊन मी तिचे दुःख वाढवीन का? बारा जुलैलाच जावे, अशी तिची इच्छा आहे, तेही योग्य होईल का? जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुठाकाठ

आपल्या मातोश्रींना अवश्य आणावे. माझे बालपण त्याच भागात गेले आणि पूर आला तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो, म्हणून हे अधिकाराने लिहितो आहे.

ओंकारेश्वराचे देऊळ जागेवर आहे. पेशवाईत बांधलेल्या त्या दगडी मंदिरावरून पाणी गेले, तरी ते उभे राहिले. सुरुवात तिथूनच करावी, कारण वाड्याची जागा नकाशावर शोधण्यापेक्षा देवळापासूनची पावले त्यांना जास्त अचूक आठवतील. वाडे मात्र जवळजवळ राहिलेले नाहीत. जे पुरातून वाचले त्यांतलेही बहुतेक पुढे पाडले गेले आणि त्या जागी इमारती आल्या. काही जुन्या भिंतींवर त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा अजून आहेत. आपल्या डोक्याच्या किती तरी वर ती रेघ पाहिली की, नदीपासून इतक्या आत एवढे पाणी कसे आले असेल याने नव्या माणसाचीही छाती दडपते.

त्यांना खरा धक्का नदीकाठी बसेल, असे मला वाटते. त्यांनी सोडले तेव्हा भिडे पूल नव्हता, झेड ब्रिज नव्हता, नदीपात्रातला रस्ता नव्हता. ज्याच्या पायाचा दगड बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ साली बसला, ते बालगंधर्व रंगमंदिरही पुरानंतरचे आहे. आता तर पात्रातून मेट्रोचे खांब गेले आहेत. म्हणून त्यांना आधी देवळात घेऊन जा, थोडा वेळ बसू द्या आणि मगच नदीकडे वळवा.

पेठेबाहेरचा

मुठाकाठ यांनी लिहिले ते सर्व बरोबर आहे, परंतु आपण फक्त नदीकाठ दाखवून परत गेलात तर मातोश्रींची भेट अर्धीच होईल, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्यांची आळी नदीकाठी नाही म्हणजे ती नाहीशी झाली, असे नव्हे. त्यातली माणसे दुसरीकडे गेली आणि ती कुठे गेली हे आजही दाखवता येते.

पुराआधीचे पुणे मुख्यतः पेठा, लष्कर (कॅम्प) भाग आणि डेक्कन जिमखान्याचा परिसर एवढ्यात मावत होते. घरे गेलेली हजारो कुटुंबे आधी शाळा-महाविद्यालयांतल्या छावण्यांत राहिली आणि मग त्यांना गावाच्या कडेच्या मोकळ्या जमिनींवर वसवण्यात आले. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, लोकमान्यनगरच्या चाळवजा इमारती आल्या, दत्तवाडी वाढली, आणि पर्वतीच्या पायथ्याकडे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांमधून सहकारनगरचा मोठा भाग उभा राहिला. ज्यांच्या सात पिढ्या एका आळीत गेल्या, ती माणसे प्रथमच बंगल्यांच्या, मोकळ्या प्लॉटच्या वस्तीत राहायला गेली. सुरुवातीला तिथे धड रस्ते नव्हते, दिवे नव्हते, आणि बाजारहाटासाठी लोक सायकलने जुन्या मंडईतच येत. त्या संस्थांच्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे सरकारदरबारी रेंगाळला. आज ज्याला आपण मध्यवर्ती पुणे म्हणतो, त्यातला बराचसा भाग त्या एका दिवसाने घडवलेला आहे.

तेव्हा एक करा. आजोबांच्या शेजाऱ्यांची जी आडनावे मातोश्रींना आठवतात ती लिहून घ्या आणि सहकारनगर, लोकमान्यनगर या भागांतल्या जुन्या रहिवाशांकडे चौकशी करा. पूरग्रस्त म्हणून जागा मिळालेली कुटुंबे एकमेकांना अजून ओळखतात. त्यांच्या वयाचे एखादे माणूस भेटले, तर दोघांना जे बोलता येईल ते कुठल्याही भिंतीवरच्या रेघेपेक्षा मोलाचे असेल.

जलसंपदा_निवृत्त

एक गोष्ट नमूद करतो, कारण अशा भेटीत ती बहुधा टाळली जाते. हा पूर म्हणजे केवळ निसर्गाचा कोप नव्हता. पानशेतचे मातीचे धरण पूर्ण झालेले नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले. भरावाखालून जाणाऱ्या विमोचकाचे, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे, काम अपुरे होते. भराव खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो तगवला आणि बुधवारी सकाळी तो फुटला. ती रात्र तगली म्हणून लोंढा दिवसाउजेडी शहरात आला आणि असंख्य लोकांना उंचावर पळता आले. त्या जवानांचे ऋण पुण्याने कधी विसरू नये. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर काम अपुरे असतानाच मृत्यू पावले आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने अहवाल दिला.

हे सांगण्याचे कारण असे की, माझ्या ओळखीतल्या अनेक पूरग्रस्तांना ‘नशिबाचा खेळ’ हे शब्द आयुष्यभर लागत राहिले. मातोश्रींना राग व्यक्त करावासा वाटला, तर त्यांना तो करू द्यावा. त्यांची तयारी असेल तर खडकवासल्यालाही न्यावे. पानशेतचे धरणही पुन्हा बांधले गेले आणि आजचे पुणे याच धरणांच्या साखळीचे पाणी पिते.

इंदूरकर_मुलगी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आईला हे वाचून दाखवले. लोकमान्यनगरचे नाव ऐकताच तिने दोन शेजाऱ्यांची नावे सांगितली, जी मी आजवर तिच्या तोंडून ऐकली नव्हती. राग व्यक्त करण्याबद्दल ती काही बोलली नाही, पण तो परिच्छेद तिने मला पुन्हा वाचायला लावला. तारखेबद्दल मात्र अजून निर्णय होत नाही.

मुठाकाठ

तारखेबद्दल माझे स्पष्ट मत आहे की बारा जुलैचा आग्रह सोडावा. ऐन पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि सूचनांचे भोंगे वाजू लागतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्रीतून पाणी शिरले, तेव्हा आमच्या घरातली वृद्ध मंडळी पहाटेपर्यंत जागी होती. मुठेचे तांबडे पाणी चढताना पाहणे हा अनुभव त्या वयात त्यांना देऊ नये.

दिवाळीनंतर या. हवा कोरडी असते आणि नदी शांत असते. सकाळी लवकर या, कारण पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर दहानंतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. शेजाऱ्यांची ती दोन आडनावे मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. माझी एक बहीण लोकमान्यनगरमध्येच राहते, ती घरोघरी विचारून ठेवील.