सायको: कादंबरीतला नॉर्मन सिनेमात एवढा का बदलला?

रूपा_पूर्वभाग
हिचकॉकचा 'सायको' (1960) मागच्या आठवड्यात मोबाइलवर बघितला. शेजारी यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालू, म्हणून कानात हेडफोन. मग रॉबर्ट ब्लॉकची 1959 ची मूळ कादंबरी मिळवली आणि पहिल्याच प्रकरणात अडखळले. त्यातला मोटेलवाला खुनी नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला. पुढं कळतं की पितोही. सिनेमातला अँथनी पर्किन्स सडपातळ, लाजरा पोरगा. नुसता देखणा नट हवा म्हणून एवढा बदल? मला पटेना. (सिनेमा बघून झालाय, रहस्य फोडलंत तरी चालेल.)

बॅटरीवाले_काका
ताई, देखणेपणाचा प्रश्नच नाही. कादंबरीत आपण पहिल्या पानापासून नॉर्मनच्या डोक्यात बसलेलो असतो. आई बोलते, तो ऐकून घेतो, खोलीत दोघं आहेत असंच धरून चालतो आपण. तिथं तो जाडा की बारीक, काय फरक पडतो? पडद्यावर त्याला बाहेरून बघायचं असतं. बघताक्षणी खटकला की संपलंच.

दलदलीचा प्रसंग परत बघा. मोटार बुडता बुडता मध्येच अडते. नॉर्मन घाबरून इकडंतिकडं बघतो. आणि आपल्याला काय वाटतं? बुडू दे एकदाची! जिच्या मागं एवढं फिरलो त्या हिरॉईनचं प्रेत त्या डिकीत आहे, तरीसुद्धा. एखाद्या जाड्या दारुड्यासाठी असं वाटलं असतं का?

मी तरुणपणी इथल्या एका थिएटरात डोअरकीपर होतो. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी मारून खुर्ची दाखवायची. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर निम्म्या खुर्च्या पिक्चर सुरू झाल्यावर भरायच्या. 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा हट्ट होता, हे पुढं वाचलं तेव्हा तो माणूस मला एकदम जवळचा वाटला. जॅनेट लीसारखी हिरॉईन पाऊण तासात मरते. उशिरा आलेला शेवटपर्यंत तिचीच वाट बघत बसला असता!

जुळे_सोलापूरकर
काका, आईचं राहिलं. ती तर केव्हाच मेलेली, नॉर्मनच तिच्या आवाजात बोलतो. पुस्तकात 'आई म्हणाली' एवढं लिहिलं की भागतं. कॅमेऱ्याला तिला दाखवावं तरी लागतं नाहीतर लपवावं तरी. नॉर्मन तिला तळघरात न्यायला खोलीत जातो, तेव्हा कॅमेरा जिन्यावरून वर सरकत छताला जातो. आत मायलेकांचा वाद चाललेला असतो, आपले कान तिकडंच. मग तो तिला उचलून बाहेर येतो आणि वरून चेहरा काही दिसत नाही. लपवालपवी चाललीय अशी शंकासुद्धा येत नाही.

रूपा_पूर्वभाग
काका, आत्ता परत बघितलं. मोटार अडली तिथं पहिल्या खेपेलाही मी श्वास धरला होता, आता आठवलं. तेवढ्यासाठी हेडफोन काढला तेव्हा बाहेर सगळं गप्प होतं. लाइट जाऊन माग कधीच थांबले होते, मला पत्ताच नव्हता.