मदत हवी आहे: जड पेंडंटसाठी साखळी कोणती आणि किती लांब घ्यावी?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चांदीच्या कोंदणात बसवलेलं लाजवर्दचं (लॅपिस लाझुलीचं) अंडाकृती पेंडंट आहे. उंची साडेतीन सेंटिमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी, आणि हातात घेतलं की वजन चांगलंच जाणवतं. गडद निळ्या खड्यात पायराइटचे सोनेरी कण विखुरलेत. उन्हात ते असे चमकतात की नजर हटत नाही. हे पेंडंट मला डबीत पडू द्यायचं नाही, रोज घालायचंय. पण गळ्यात ते नीट बसत नाही, म्हणून हा धागा.

सध्या ते ४५ सेंटिमीटरच्या नाजूक साखळीत आहे. गोल गळ्याचा टॉप घातला की वरचा अर्धा भाग त्वचेवर आणि खालचा अर्धा कापडावर येतो. गळपट्टीच्या शिवणीवर टेकून ते पुढे झुकतं. शिवाय सारखं कडेवर वळतं. समोरच्याला खडा दिसतच नाही, चांदीची कड तेवढी दिसते, आणि थोडं चाललं की पाठ पुढे. माझी मान आखूड आहे, केस लांब आहेत, आणि बारीक साखळीत ते अडकतात.

आणखी दोन गोष्टी. एकपदरी मोत्यांचा सर आहे, तो याच्याबरोबर घातला तर चालेल का? आणि मानेच्या मागे, बरोबर हुकाच्या जागी लाल चट्टा येऊन खाज सुटते. साखळी चांदीची आहे आणि बाकी मानेला काही होत नाही, मग तेवढ्याच जागी का?

चेहऱ्याच्या आकारावरून नेकलेस निवडायचे तक्ते बरेच पाहिले. गोल चेहऱ्याला हे, चौकोनी चेहऱ्याला ते. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांत सापडलं नाही.

---

प्रतिसाद १

ते तक्ते बाजूला ठेवा. नेकलेस चेहऱ्याला टेकत नाही, तो मान, गळ्याची हाडं आणि कपड्याचा गळा यांच्यामध्ये राहतो. बघायचं ते तिथे.

कॅटलॉगमध्ये ४५ सेंटिमीटरला प्रिन्सेस, ५० ते ६० ला मॅटिनी, ७० ते ९० ला ऑपेरा म्हणतात. ही नावं ऑर्डर देताना उपयोगी पडतात. पण मानेचा घेर वेगळा असला की तीच ४५ ची साखळी एकीच्या गळ्याच्या खळग्यात बसते आणि दुसरीच्या बरीच खाली उतरते. शिवाय तुमचं पेंडंट साडेतीन सेंटिमीटरचं, म्हणजे साखळी जिथे संपते त्याच्या खाली तेवढं अंतर आणखी धरायला हवं.

म्हणून एक मजबूत दोरा घ्या, त्यात हेच पेंडंट ओवा आणि मागे सैल गाठ मारा. नेहमीचे कपडे एकेक करून घाला आणि गाठ वरखाली सरकवत आरशात बघा. उभ्याने तर बघाच, पण खुर्चीत बसूनही बघा आणि टेबलावर वाकूनही. जिथे पटेल तिथे दोऱ्यावर पेनने खूण करा. हुकासकट साखळीची लांबी तेवढी हवी.

गोल गळ्याला पेंडंट एकतर पूर्ण कातडीवर हवं, नाहीतर शिवणीच्या चार बोटं खाली, पूर्ण कापडावर. मधली जागा नको, तुमचा त्रास तिथलाच आहे. इतकं मोठं पेंडंट गोल गळ्याच्या वर मावणार नाही, म्हणजे ६० च्या आसपास जावं लागेल. व्ही गळ्याला मात्र त्याचं खालचं टोक व्हीच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहू द्या, भोवती थोडी मोकळी त्वचा दिसली की खडा उठून दिसतो. शर्टाची वरची बटणं उघडी ठेवलीत तर तोही व्ही गळाच. बोट नेक आणि हायनेकवर लांबच घाला.

आखूड मानेला लांब साखळी शोभते असं माझं स्पष्ट मत आहे. पेंडंटच्या वजनाने साखळीचा व्ही होतो आणि नजर खाली उतरते.

दोन साखळ्या घ्यायची गरज नाही. ६० ची एकच घ्या आणि ५० वर एक जादा कडी बसवून घ्या. हुक हवा तिथे अडकवता येतो.

---

प्रतिसाद २

स्नेक चेन, म्हणजे सापासारखी गुळगुळीत गोल साखळी, घेऊ नका! केस अडकत नाहीत म्हणून मोह होतो, पण जड पेंडंटने किंवा नीट न ठेवल्याने तिला एकदा मोड पडली की ती सरळ होत नाही, दुरुस्तीही अवघड. भरीव कड्यांची बॉक्स (चौकोनी कड्यांची) किंवा व्हीट (गव्हाच्या लोंबीसारख्या विणीची) चेन बघा, दीड ते दोन मिलिमीटर जाडीची. पोकळ नको.

---

प्रतिसाद ३

मी दागिने घडवते, म्हणून कडेवर वळण्याबद्दल लिहिते. पेंडंट समोर धरा आणि वरच्या कडीचं भोक कुठे बघतंय ते पाहा. तुमच्याकडे, की डावी-उजवीकडे? साखळी गळ्यावर डावीकडून उजवीकडे जाते. भोक समोर बघत असेल आणि साखळी थेट त्यातून घातली असेल, तर पेंडंट कडेवर वळणारच. मध्ये एक कडी वाढवली की दिशा काटकोनात बदलते आणि खडा समोर येतो.

वजन बघता साध्या कडीपेक्षा रुंद, नळीसारखं बेल, म्हणजे साखळी ओवायचा पेंडंटचा वरचा भाग, लावून घ्या. साखळीवर त्याची बैठक रुंद असल्याने गिरकी कमी होते. भोक एवढं ठेवा की साखळीचा हुक त्यातून जाईल, म्हणजे साखळी बदलता येते.

फार महत्त्वाचं: कडी किंवा बेल झाळायचं असेल तर खडा कोंदणातून काढून, किंवा लेझरने. लाजवर्दला ज्योतीची आच सोसत नाही, रंग बिघडतो आणि तडा जाऊ शकतो. काम देताना हे सांगाच, गृहीत धरू नका.

---

धागाकर्ती

भोक समोरच बघतंय! आणि साखळी थेट त्यातूनच ओवलेली आहे. इतके दिवस मी वजनालाच दोष देत होते. दोऱ्याचा प्रयोगही केला. व्ही गळ्याला ५१ आणि गोल गळ्याला ६२ वर खूण आली. मोती आणि खाज यांबद्दल कोणी सांगेल का?

---

प्रतिसाद ४

९२५ शिक्क्याच्या चांदीत ९२.५ टक्के चांदी असते आणि उरलेलं बहुधा तांबं. त्याने सहसा खाज येत नाही. हुक मात्र अनेकदा वेगळ्या धातूचा असतो, वर मुलामा आणि आत निकेल. खाज फक्त हुकाच्या जागी असल्याने माझा पहिला संशय निकेलवर. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू द्यायचं नाही असा नियम आहे, इतकी ही ॲलर्जी सर्रास आढळते. डायमिथिलग्लायॉक्झाइमचं चाचणी किट मिळतं. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून हुकावर घासा, गुलाबी झाला तर निकेल आहे. तसं निघालं तर हुक टायटॅनियमचा किंवा निकेलमुक्त चांदीचा लावून घ्या. चट्टा राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

---

प्रतिसाद ५

मोती आणि लाजवर्द, दिसायला ही जोडी फार सुंदर! पण मोती मऊ, कठीणपणाच्या मोहस प्रमाणावर २.५ ते ४.५, आणि लाजवर्द ५ ते ६. एकमेकांवर घासले तर ओरखडे मोत्यावर. सर गळ्याशी ४० ते ४५ वर ठेवा आणि पेंडंट ६२ वर, म्हणजे गाठ पडणार नाही. मधली जागा मोकळी राहू द्या, तिसरा पदर नको.

सरात दर दोन मोत्यांमध्ये गाठ आहे का तेही बघा. नसेल तर गाठवून घ्या, मोती आपापसात घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे विखुरत नाहीत. सर टांगून ठेवू नका, दोरा ताणतो. आणि चांदी काळी पडली म्हणून पेंडंट चांदी उजळायच्या द्रावणात कधीच बुडवू नका. त्यात आम्ल असतं, ते लाजवर्द आणि मोती दोन्हींना मारक. मऊ कोरड्या कापडाने चांदी तेवढी पुसा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ६२ ची भरीव बॉक्स चेन, ५१ वर जादा कडी, निकेलमुक्त हुक आणि खडा काढून लावलेलं बेल, असं ठरवलंय. एकच शंका: बॉक्स चेनमध्ये ५१ वर कडी बसवता येते का? तिच्या कड्या फार घट्ट असतात.

---

प्रतिसाद ३

मध्येच ओवता येत नाही, साखळी त्या जागी कापून कडी झाळावी लागते. त्यापेक्षा ५१ ची बॉक्स चेन घ्या आणि टोकाला ११ सेंटिमीटरची मोठ्या कड्यांची जोडसाखळी लावा. ती मागे केसांखाली राहते, आणि हुक कुठल्याही कडीत अडकतो. तुमचं पेंडंट जड आहे, त्यामुळे जोडसाखळीच्या वजनाने ते मागे ओढलं जाणार नाही.