जुना टेनर युकुलेले घेताना

भाऊ, वर्ध्याचा तो जुना टेनर युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, टेनर हा त्यातला जरा मोठा आकार) नुसता फोटो पाहूनच घेऊ का, असं विचारलंत. नका घेऊ. एसटीने जा, हातात धरून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, सॉलिड म्हणजे एकसंध लाकूड वाळून आकसतं. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागद सरकवा. आत शिरला तर गोंद सुटलाय. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीच्या, कडेवरून बोट फिरवा. लाकूड आकसल्याने फ्रेटची (त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचली तरी घाबरू नका, ती घासून घेता येतात. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, जुळतो का, हे चारही तारांवर तपासा. लॅमिनेट (पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड) असेल तर मला उलट बरंच वाटेल, आपल्या उन्हाळ्यात तेच टिकतं. स्टीलच्या तारा चढवलेल्या दिसल्या तर मात्र सरळ परत या, त्या ताणाने ब्रिज उखडतो.