मदत हवी आहे: कोणता लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) कुठला, खात्रीने कसं ओळखायचं?

लिनक्स सर्व्हरवर आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) ३ लन आलेत, तिन्ही ५०० जीबीचेच. प्रत्येकाला दोन पाथ (स्टोरेजपर्यंतच्या वाटा), त्यामुळे डिस्क दिसतात ६. परवा रीबूट झाला आणि एसडीबी नावाची डिस्क एसडीडी नावाने दिसू लागली! एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती फाइल) आता डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक, टाकलाय (उशिरा सुचलेलं शहाणपण), मल्टिपाथही (एका लनचे सगळे पाथ एकच डिस्क म्हणून दाखवणारं) चालू केलंय.

आता यातला एक लन कायमचा काढायचाय. मल्टिपाथ दाखवतो तो डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा स्वतःचा ओळख क्रमांक) '३६००'ने सुरू होतो; स्टोरेजवाल्यांच्या यादीत तोच आकडा '६००'पासून. पुढचा ३ सोडून बाकी जुळलं की झालं ना? की आणखी काही ताडून बघावं?

आणि क्रम: आधी अनमाउंट, मग मल्टिपाथ मॅप (त्या लनची एकत्रित डिस्क) फ्लश, म्हणजे काढून टाकणं, मग दोन्ही पाथ डिलीट, शेवटी स्टोरेजवरून अनमॅप (सर्व्हरला दिलेला लन काढून घेणं). बरोबर आहे का? चुकीचा लन उडाला तर माझं काही खरं नाही.